पगार कामाचा, मौनाचा नव्हे

गेल्या अंकाची जुळवाजुळव करण्यासाठी मंडळाची बैठक भरली होती, तेव्हा एक लेख टेबलावर आला. लेखिका आपल्यापैकीच, चौथ्या पिढीच्या इंदूरकर आणि शासकीय शाळेत शिक्षिका. आपल्या शहरातील शाळांतून मराठी हा विषय कसकसा आटत गेला, हे त्यांनी लिहिले होते. लेख मुद्देसूद होता, भाषा संयत होती, कोणाचे नाव घेऊन दोषारोप केलेला नव्हता. शासनाच्या शिक्षणविषयक धोरणात अल्पसंख्य भाषांची हेळसांड होते, एवढे एकच वाक्य जरा धारदार होते. तेवढ्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी चष्मा काढून विचारले, "बाई नोकरीत आहेत ना? मग हे छापता येईल का?" आणि सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. छत्तीस वर्षे राज्य शासनाच्या सेवेत घालवलेल्या माणसाला नियम ठाऊक असणारच, ही अपेक्षा गैर नव्हती. मी सवयीने उत्तर दिले, "विभागाची परवानगी आणलेली बरी." बाईंना तसा निरोप गेला. बाईंनी लेख परत नेला. परवानगी त्यांनी मागितली नाही. मागितली असती तरी मिळाली नसती, हे त्यांना कळत होते आणि मलाही.

घरी आल्यावर मी ते नियम काढून वाचले. ज्यांचा हवाला देण्यात उभी हयात गेली, ते नियम मी खऱ्या अर्थाने कधी वाचलेच नव्हते, केवळ वापरले होते, असे त्या रात्री ध्यानात आले. वाचून झाल्यावर माझे मत बदलले. मी बैठकीत दिलेला सल्ला चुकीचा होता, इतकेच नव्हे तर तो आपल्या समाजाला घातक होता, असे मला आज वाटते. म्हणून हा लेख.

प्रथम नियम काय म्हणतात ते पाहू. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४ चे आहेत. गोव्यातील शासकीय सेवकांनाही तेच लागू होतात. मध्य प्रदेशात ज्यांना आपण 'आचरण नियम' म्हणतो ते १९६५ चे, महाराष्ट्राचे १९७९ चे आणि कर्नाटकाचे नवे नियम २०२१ चे. शब्दांत थोडाफार फरक असला तरी साचा एकच आहे. शासकीय सेवकाने नभोवाणीवर, वृत्तपत्रात, पुस्तकात किंवा जाहीर भाषणात, स्वतःच्या नावाने, निनावी वा टोपणनावाने, शासनाच्या चालू अथवा नजीकच्या काळातील धोरणावर किंवा कृतीवर प्रतिकूल टीका ठरेल असे कोणतेही विधान करू नये. विधान मताचे असो की वस्तुस्थितीचे, बंदी दोहोंवर आहे. म्हणजे विधान खरे आहे, हा बचाव नाही. टीका करण्याचा हेतू नव्हता, हाही बचाव नाही. कारण नियम हेतूकडे पाहत नाही, परिणामाकडे पाहतो. धोरण 'चालू अथवा नजीकचे' असले पाहिजे, ही अट तर विशेष मननीय आहे. जे धोरण मेले, थंड झाले, ज्याचे श्राद्धही उरकले, त्यावर शासकीय सेवकाने खुशाल टीका करावी. जे जिवंत आहे आणि ज्याने लोकांचे भले-बुरे होणार आहे, त्याबाबत मात्र हाताची घडी, तोंडावर बोट.

निव्वळ साहित्यिक, कलाविषयक वा शास्त्रीय लेखनाला परवानगीतून सूट आहे, असे म्हणून आपले साहित्यप्रेमी मित्र समाधान मानतात. या सवलतीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. पावसावरची कविता चालेल. पाऊस पडूनही गावात पाणी का नाही, हा निबंध चालेलच असे नाही. जोवर साहित्य काही म्हणत नाही तोवरच ते साहित्य, ही व्याख्या आपल्याला मान्य आहे काय? आणि ही सूटही भरवशाची नाही. झारखंडातील संथाळी समाजातून आलेले लेखक हांसदा सौभेंद्र शेखर हे तेथील शासनाचे वैद्यकीय अधिकारी. २०१५ साली त्यांना साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कथासंग्रहावर २०१७ च्या ऑगस्टमध्ये राज्य शासनाने बंदी घातली आणि त्याच महिन्यात त्यांना नोकरीतून निलंबितही केले. डिसेंबरात बंदी उठली. कथा म्हणजे निव्वळ साहित्यच. तरीही डॉक्टरांना आपल्या कथांची किंमत नोकरीने मोजावी लागली.

आता मूळ प्रश्न. आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य 'सर्व नागरिकांना' दिले आहे. त्यात 'शासकीय सेवक वगळून' असे शब्द नाहीत. घटनाकारांना असे वगळणे सुचले नव्हते असेही नाही. तेहतिसावा अनुच्छेद पाहा. सैन्यदलांतील आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणाऱ्या दलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार तेथे संसदेला दिला आहे, आणि त्यानुसार पोलिसांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदाही झाला. ज्यांना वगळायचे होते त्यांना घटनेने नाव घेऊन वगळले. पटवारी, मास्तर, परिचारिका, उपयंत्री आणि कारकून यांची नावे त्या यादीत नाहीत.

ही माझी पदरची वकिली नव्हे. १९६२ साली कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच युक्तिवाद स्वीकारला. बिहार शासनाच्या नियमाने सेवकांना संपाबरोबरच कोणत्याही प्रकारच्या निदर्शनांची मनाई केली होती. नोकरीत शिरताना माणूस आपले मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही, असे मानून न्यायालयाने निदर्शनांवरील सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. संपाचा हक्क मात्र मूलभूत नाही, हेही तेथेच स्पष्ट केले. त्याच वर्षी मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातील एका कर्मचाऱ्याचे प्रकरण त्या न्यायालयापुढे आले. शासनाची मान्यता नसलेल्या संघटनेत सेवकाने राहू नये, हा केंद्राचा नियम न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालाने रद्द झाला. अगदी अलीकडे, २०२० च्या जानेवारीत, त्रिपुराच्या उच्च न्यायालयाने मत्स्यव्यवसाय खात्यातील एका महिला कर्मचाऱ्याला न्याय दिला. त्यांची निवृत्ती काही दिवसांवर आली असताना, एका राजकीय सभेला हजर राहिल्या आणि फेसबुकवर मजकूर लिहिला म्हणून त्यांना निलंबित करण्यात आले होते. शासकीय सेवक झाल्याने मतस्वातंत्र्य संपत नाही, सभेला हजर राहणे म्हणजे राजकारणात भाग घेणे नव्हे, असे तेथील मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी यांनी म्हटले आणि कारवाई रद्द केली.

न्यायालयांनी नेहमीच सेवकाची बाजू घेतली असे मात्र मी म्हणणार नाही. १९९८ साली कर्नाटकातील एका महामंडळाच्या कर्मचाऱ्याने आपल्याच संस्थेच्या वरिष्ठांविरुद्ध जाहीर आरोप केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी कायम ठेवली. संस्थेची शिस्त हाही मोलाचा विषय आहे, असे न्यायालयाला वाटले. हा निकाल मी लपवीत नाही, कारण माझ्या म्हणण्याला त्याने बाध येत नाही. ज्या टेबलावर आपण बसतो त्या टेबलाविषयी, ज्या साहेबाच्या हाताखाली काम करतो त्या साहेबाविषयी भर चौकात बोलणे निराळे. आणि कार्यालय सुटल्यावर, नागरिक या नात्याने, आपल्या गावाच्या पाण्याविषयी, मुलांच्या शाळेविषयी, आपल्या भाषेविषयी बोलणे निराळे. पहिल्यावर बंधन असावे. वाद दुसऱ्याविषयी आहे.

या दुसऱ्या प्रकारच्या बोलण्यावर घेतले जाणारे आक्षेप मला तोंडपाठ आहेत, कारण मी स्वतः ते इतरांना ऐकवले आहेत. पहिला आक्षेप निःपक्षपातीपणाचा. सेवकाने मत उघड केले तर जनतेचा त्याच्यावरील विश्वास उडेल, असे म्हणतात. पण सेवकाला मत आहे हे जनतेला ठाऊकच असते. तो मतदानाच्या रांगेत तिच्या शेजारीच उभा असतो. निःपक्षपातीपणा म्हणजे डोके रिकामे असणे नव्हे. समोर आलेल्या माणसाचा पक्ष न पाहता त्याचे काम करणे, हा तो गुण आहे, आणि तो फाइलीवर दिसतो. उभ्या आयुष्यात एक शब्दही जाहीरपणे न बोललेले, पण कोणाची फाइल वर ठेवायची आणि कोणाची खाली हे बरोबर जाणणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांच्या केसालाही कोणी धक्का लावला नाही. शिवाय, निःपक्षपातीपणा हाच हेतू असता तर नियमाने टीकेबरोबर स्तुतीलाही मज्जाव केला असता. नियम बंदी घालतो ती 'प्रतिकूल' टीकेवर. शासनाच्या योजनेचे गोडवे गाणारा लेख सेवकाने आपल्या नावाने छापून आणला म्हणून त्याला 'कारण बताओ नोटीस' मिळाल्याचे माझ्या साऱ्या नोकरीत माझ्या पाहण्यात नाही. ज्या तराजूचे एकच पारडे हलते, त्याला तटस्थ म्हणू नये.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. शासकीय गुपिते जपण्यासाठी १९२३ चा स्वतंत्र कायदा आहे; कार्यालयीन कागद परस्पर बाहेर देऊ नयेत, असा स्वतंत्र नियमही आहे. त्यांना माझा विरोध नाही. परंतु टीकाबंदीचा नियम गुपितांविषयी बोलतच नाही. २००५ साली माहितीचा अधिकार आला. आज केंद्र शासनाच्या कार्यालयात कोणीही नागरिक दहा रुपये शुल्क भरून माहिती मागू शकतो आणि तीवर वृत्तपत्रात लेख लिहू शकतो. तीच माहिती, जी आता साऱ्या गावाला ठाऊक आहे, तिच्यावर मत देण्यास एकच माणूस अपात्र ठरतो. तो म्हणजे शासकीय सेवक.

तिसरा आक्षेप कराराचा. "तुम्हाला नोकरी करा असे कोणी सांगितले होते? बोलायचे असेल तर राजीनामा द्या." हा युक्तिवाद जुना आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी १८९२ साली एका पोलिसाच्या प्रकरणात तो मांडला होता: राजकारणावर बोलण्याचा हक्क असेल, पण पोलीस असण्याचा हक्क कोणाला नाही. पण त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली, शाळामंडळाच्या खर्चावर वृत्तपत्रात टीकेचे पत्र लिहिणाऱ्या एका शिक्षकाची बडतर्फी चुकीची ठरवली. सार्वजनिक हिताच्या विषयावर बोलणारा शिक्षक हा नागरिकच असतो, आणि शाळेविषयी सर्वांत जाणतेपणाने तोच बोलू शकतो, असे त्या निकालाचे सार आहे. कराराच्या युक्तिवादाला माझे उत्तर साधे आहे. पगार मिळतो तो कामाचा. माझे आठ तास, माझे कसब, माझी सचोटी शासनाने विकत घेतली. माझे मौन विक्रीला काढलेलेच नव्हते.

आणि ज्या मौनाला आपण शिस्त म्हणतो, त्याचे नियम कोणाच्या मर्जीवर फिरतात तेही पाहावे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यात केंद्रीय सेवकांनी भाग घेऊ नये, अशी परिपत्रके १९६६, १९७० आणि १९८० साली निघाली होती. ९ जुलै २०२४ रोजी केंद्राने त्यांतून संघाचे नाव वगळले. एका निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्याची याचिका त्या वेळी आपल्याच शहरातील उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे होती. ही चूक ध्यानात यायला केंद्राला पाच दशके लागली, याबद्दल त्याच महिन्यात खंडपीठाने खंत व्यक्त केली. संघाविषयी वाचकांचे मत काहीही असो, माझा मुद्दा वेगळा आहे. ८ जुलैपर्यंत जे गैरवर्तन होते ते ९ जुलैला गैरवर्तन राहिले नाही. माणूस बदलला नाही, त्याची कृती बदलली नाही. मग अठ्ठावन्न वर्षे ज्या नोटिसांची टांगती तलवार राहिली ती कशासाठी? उद्या शासन बदलले की दुसऱ्या कोणाचे नाव यादीत चढेल. आज ज्यांना मोकळीक मिळाल्याचा आनंद झाला आहे, त्यांनी हा आनंद हक्काचा आहे की कृपेचा, हे स्वतःला विचारावे. कारण एक दार किलकिले होत असताना दुसरे घट्ट लागत आहे. २८ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने आदेश काढून, समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, असे आपल्या सेवकांना बजावले आहे. हातातल्या फोनवर चार ओळी लिहिणे हेही आता वर्तणुकीच्या कक्षेत आले.

वाचकहो, आपल्या मराठी गद्याचा पायाच मुळी सरकारी नोकरांनी घातला, हे आपण कसे विसरलो? 'प्रभाकर' पत्रात १८४८ पासून शतपत्रे लिहिणारे लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, इंग्रज सरकारचे नोकर होते. पुढे आपल्या शेजारच्या रतलाम संस्थानचे ते दिवाणही झाले. त्यांनी टोपणनाव घेतले, पण लेखणी आवरली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' काढली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पुढे त्यांची बदली रत्नागिरीला झाली. लेखनाचीच ती शिक्षा, असे लोक समजले. शास्त्रीबोवांनी १८७९ साली नोकरी सोडली आणि १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे न्यायखात्यात असताना सार्वजनिक सभेच्या कामात मग्न असत. त्यांची नाशिकला आणि मग धुळ्याला बदली झाली, आणि धुळ्यात त्यांच्या टपालावरही नजर होती.

ही परंपरा एकसुरी नाही, हेही सांगितले पाहिजे. १८९३ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत लागलेल्या अरविंद घोषांनी मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये निनावी लेखमाला लिहून काँग्रेसच्या मवाळ राजकारणावर कोरडे ओढले. तेव्हा पत्राच्या मालकांना सबुरीचा इशारा देणारे गृहस्थ दुसरे कोणी नसून रानडेच होते. लेखमालेची धार बोथट झाली आणि ती लवकरच थांबली. ज्याच्या टपालावर सरकारची नजर होती, त्यानेच दुसऱ्याच्या लेखणीवर हात ठेवावा, ही विसंगती मला पूर्वी नुसती कुतूहलाची वाटे. गेल्या बैठकीनंतर तशी वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतरही हाच क्रम चालू राहिला. श्योपूरच्या मराठी घरात जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध नागपुरात माहिती खात्यात आणि मग आकाशवाणीत नोकरीला होते, आणि राजकीय लेख टोपणनावांनी लिहीत होते. श्रीलाल शुक्ल उत्तर प्रदेशाच्या सेवेत असतानाच 'राग दरबारी' १९६८ साली प्रसिद्ध झाली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची परवड मांडणारी 'झाडाझडती' १९९१ साली आली, आणि तिचे लेखक विश्वास पाटील महाराष्ट्र शासनाचे अधिकारी होते. या दोन्ही कादंबऱ्यांना साहित्य अकादमीने गौरवले. शासकीय सेवकाने पाहिलेले सत्य लिहिले म्हणून यांपैकी कोणतेही शासन कोसळले नाही. उलट, ते लिहिले गेले नसते तर आपण किती गरीब राहिलो असतो, याचा विचार करावा.

हा प्रश्न इतरांपेक्षा आपल्यासारख्या समाजाला अधिक का लागू पडतो, ते आता सांगतो. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या दौलतीबरोबर आपले पूर्वज इकडे आले ते शिलेदार, कारकून, फडणीस, शास्त्री म्हणून. संस्थाने विलीन झाली तेव्हा त्यांचे नातू-पणतू शासकीय सेवेत गेले. आपल्याकडे कारखानदार थोडे, व्यापारी थोडे, नोकरदार घरोघरी. आपल्या समाजात जो शिकलेला, जो वाचणारा, जो लिहू शकणारा, तो बहुधा शासनाच्या, बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या नोकरीत. अशा समाजात नोकरदाराचे तोंड बंद केले की समाजाचेच तोंड बंद होते. बेळगावच्या सरकारी शाळेतील मराठी शिक्षकाने, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे सांगणारा घटनेचा ३५० अ हा अनुच्छेद आपल्या तालुक्यात कितपत पाळला जातो, यावर लिहिले तर ती 'प्रतिकूल टीका' ठरू शकते. त्याच्याखेरीज हे लिहिणार कोण? ज्याला माहीत आहे त्याने बोलायचे नाही, आणि ज्याला बोलण्याची मुभा आहे त्याला माहीत नाही, अशी ही वाटणी आहे.

आपल्या अंकाचेच पाहा. गेल्या काही वर्षांचे अंक चाळले तर लेखक जवळजवळ सगळे निवृत्त. आपण याला तरुणांची उदासीनता म्हणतो, मराठीची पीछेहाट म्हणतो, त्यावर परिसंवाद घेतो. त्यातला काही भाग खरा असेलही. पण पस्तिसाव्या वर्षी ज्याला सांगितले की थांब, त्याने साठाव्या वर्षी लेखणी उचलावी अशी अपेक्षा कशी करावी? न वापरलेले शस्त्र गंजते. आणि निवृत्तीनंतरही मोकळीक पुरती नाहीच. पेन्शन नियमांत भावी सद्वर्तनाची अट आहे, आणि गुप्तवार्ता व सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांवर २०२१ पासून लेखनाची आणखी बंधने आली आहेत.

येथे मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००४ साली मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालय प्रमुख होतो. आमच्याकडे सहायक ग्रेड तीन म्हणून काम करणाऱ्या एका तरुणाचे पत्र तेथील हिंदी दैनिकात छापून आले. त्याच्या मोहल्ल्यात तिसऱ्या दिवशी नळाला पाणी येते आणि तेही रात्री दोन वाजता, अशी तक्रार होती. आमच्या विभागाचा पाणीपुरवठ्याशी काडीचाही संबंध नव्हता. वरून फोन आला. मी नोटीस काढली. त्याने दोन ओळींचे उत्तर दिले: पत्रातील मजकूर खरा आहे, आणि मी त्याच मोहल्ल्यात राहतो. नियमाप्रमाणे हे उत्तर असमाधानकारक होते. मी तसा शेरा लिहिला आणि एक वेतनवृद्धी असंचयी प्रभावाने रोखण्याच्या आदेशावर सही केली. गोपनीय चरित्रावलीतही एक वाक्य घातले. त्याने अपील केले नाही. त्यानंतर तो माझ्या हाताखाली तीन वर्षे होता. काम चोख करी, नमस्कार करी, पण माझ्याशी कामाखेरीज एक शब्द बोलला नाही आणि माझ्या माहितीत पुन्हा कोठे काही लिहिले नाही. पत्र छान होते. त्याची भाषा माझ्या टिप्पण्यांपेक्षा चांगली होती, हे मला तेव्हाही कळले होते.

'मी काय करणार, नियमच तसा आहे' असे मी तेव्हा घरी म्हटले. ते खरे नव्हते. नियम नोटीस काढू शकत नाही. नोटीस माणूस काढतो. नियम शेरा लिहीत नाही, लेख परत पाठवीत नाही. ते सारे माझ्यासारखे लोक करतात, बहुतेक वेळा कोणी सांगण्याच्या आधीच.

तेव्हा माझे म्हणणे असे. शासनाकडे आपण मागणी करावी की टीकाबंदीचा हा सरसकट नियम रद्द करून त्याजागी तीनच गोष्टींना मनाई असावी: कार्यालयीन गोपनीय माहिती फोडणे, आपल्या पदाचे नाव व वजन वापरून मत मांडणे, आणि निवडणुकीत पक्षाचा प्रचार करणे. आपल्याच कार्यालयाविषयी तक्रार असेल तर ती आधी कार्यालयातच मांडावी, हेही मी मान्य करतो. बाकी सर्व बाबतींत शासकीय सेवक हा इतरांसारखाच नागरिक असावा. ही मागणी लगेच मान्य होईल, असे समजण्याइतका मी भाबडा नाही.

पण एक गोष्ट शासनाच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. नोकरीत असलेल्या सभासदाचा लेख आल्यास त्याच्याकडे विभागाची परवानगी मागण्याचा आपल्या मंडळाला कोणी अधिकार दिला? परवानगी घ्यायची की नाही, जोखीम पत्करायची की नाही, हा लेखकाचा निर्णय आहे. त्याने तो जाणतेपणाने घ्यावा, एवढेच आपण पाहावे. लेख चांगला असेल तर तो लेखकाच्या इच्छेप्रमाणे, नावाने वा टोपणनावाने छापावा आणि खाली एक ओळ घालावी की मते लेखकाची वैयक्तिक आहेत. आणि उद्या त्या लेखाबद्दल लेखकावर नोटीस आली, तर त्याचे उत्तर लिहून देण्यासाठी आपल्यातले निवृत्त अधिकारी आहेतच. आम्ही नोटिसा पुष्कळ लिहिल्या आहेत. त्यांतली फट कोठे असते हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? हे काम मी स्वतः करायला तयार आहे.

शिक्षिकाबाईंच्या घरी जाऊन मी हे सारे त्यांना सांगितले आणि लेख परत मागितला. विचार करून सांगते, असे त्या म्हणाल्या. त्यांनी नकार दिला तरी मला नवल वाटणार नाही, कारण परिणाम भोगायचे ते त्यांना, मला नव्हे. परंतु त्यांनी लेख पाठवला, तर पुढच्या बैठकीत तो टेबलावर येईल तेव्हा कृपा करून कोणी माझ्याकडे पाहू नये. लेख वाचावा, आणि चांगला असेल तर छापावा.